रुजवलेला शब्द

चीनमधल्या चेंगडू शहरातल्या त्या इंग्रजी शिकवणीवर्गात आता शब्दांच्या व्याख्या पाठ करून घेत नसत. तो शब्द स्वतः जगलेल्या एखाद्या दात्याची आठवणच विद्यार्थ्याच्या मेंदूत रुजवत. फांगबाई लेकीला घ्यायला आल्या, तेव्हा यूनिंग बाकावर बसून हुंदके देत होती.

“काय झालं गं, बाळा?”

“माझी आई गेली.”

“वेडी कुठली! मग मी कोण?” फांगबाई हसल्या, पण यूनिंगच्या नजरेत ओळखीचा लवलेशही नव्हता.

“आज ‘ऑर्फन’ रुजवला,” गुआन सर खाली मान घालून म्हणाले. “पोरकं कुणाला म्हणतात, ते पुस्तकातून तिच्या डोक्यात टिकेना. खोलवर रुजवा, असं तुम्हीच म्हणालात.”

“मग काढा तो बाहेर! नापास झाली तरी चालेल मला.”

“रुजलेला अर्थ उपटता येत नाही, बाई. मूळची आठवण त्याच्याखाली गाडली जाते.”

फांगबाईंनी डबा उघडून तिच्या आवडीचे डंपलिंग पुढे केले. यूनिंगने एक उचलले, आणि त्यांच्या डोळ्यांतले पाणी पाहून हळुवारपणे विचारले,

“मावशी, तुमचंही कुणी गेलं का?”