डबा फिट आहे

आबांनी डब्याची वाट लावली. मात्र तसं काही घडलेलंच नाही असं धरून चालायचं घरात न बोलता ठरलं, त्यामुळे अमोल हातपाय धुऊन निमूट जेवायला बसला. त्याच्या बायकोने, धनश्रीने, भरीत वाढलं. आबांनी ठेच्याची वाटी लेकापुढे सरकवली. टीव्हीच्या कपाटावर डबा चकाकत होता आणि तिघंही त्याच्याकडे सोडून सगळीकडे बघत होते.

डबा मालगाडीचा, कोळशाचा, वरून उघडा. खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, म्हणजे चष्म्याच्या घरात कसाबसा मावेल एवढा. पितळी पत्रा कापून अमोलने तो हाताने घडवला होता, चाकांपासून दारांच्या कड्यांपर्यंत. ते सोपं होतं. अवघड होता तो गंज. तसा सिल्वासात गंज फुकट मिळतो. खिडकीचे गज, स्कूटर, गॅसची शेगडी, पावसाळा कुणाला सोडत नाही. ज्या सुताच्या कारखान्यात अमोल मेन्टेनन्सला होता, तिथे त्याला पगारच मशिनं गंजू नयेत म्हणून मिळायचा. आणि घरी येऊन तो पितळेला गंज चढवायचा, जे पितळेच्या स्वभावात नाही. मिठाचे खडे चिकटवून वर रंग, मग मीठ खरवडून पोपडे, मग विटेची पूड, मग चहाचं पाणी. अख्खा पावसाळा त्यात गेला. शेवटी गंज असा काही जमला की डब्याची कड बोटाला लागली तेव्हा धनश्रीने धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी केली.

उद्या मुंबईत अशा छोट्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. फोटो बघून प्रदर्शनवाल्यांनी अमोलचा डबा निवडला होता. जुन्या, वापरून थकलेल्या गाड्यांच्या विभागात. तो आयुष्यात कशासाठीतरी निवडला गेल्याची ही पहिलीच वेळ. उद्या रविवार, मशिनं बंद, म्हणजे मेन्टेनन्सवाल्यांचा खरा कामाचा दिवस. म्हणून त्याने शेठला मालेगावचे काका वारल्याचं सांगून रजा काढली होती. मालेगावात त्याला काका नव्हते. शेठ मात्र फार हळहळले होते.

आबा नोकरीभर भुसावळच्या यार्डात पेंटर. बिघडलेल्या डब्याला तिथे 'सिक' म्हणायचे. सिक डबा आला की खरवडायचा, रंगवायचा, पांढरी अक्षरं काढायची, आणि साहेब 'फिट' म्हणाला की गाडीला जोडून द्यायचा. म्हातारपणी एकटं राहू नये म्हणून अमोलने उन्हाळ्यात त्यांची भुसावळची खोली सोडली आणि त्यांना सिल्वासात, डोकमर्डीच्या फ्लॅटवर आणलं. आबा बाल्कनीत खुर्ची टाकून बसले ते बसलेच. आज दुपारी पाणी प्यायला आत आले आणि टीव्हीच्या कपाटावर त्यांना एक सिक डबा दिसला.

"थिनर तू दिलंस?" अमोलने भाकरी मोडता मोडता हळूच विचारलं.

"थिनर दिलं, पॉलिश पेपर दिला, केस वाळवायचं मशीन दिलं," धनश्री म्हणाली. "इथं आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी मागितलं त्यांनी. किडनी मागितली असती तरी दिली असती."

अमोलला राग यायला हवा होता, तो यायला निघालाही होता. पण बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाच्या अंगात राग जास्त वेळ उभा राहू शकत नाही. एका रात्रीत गंज चढत नाही. काकांना आता परत जिवंत करणं आलं.

"पुरा गंजेल होता," आबा ताटाकडे बघत म्हणाले. "असा डबा लाईनीवर कोन सोडतं रे? तू इंजिनेर ना? बघून घे. खोट असंल तर काढ."

अमोल उठला. खोट काढायचीच या इराद्याने त्याने डबा उचलून दिव्याखाली धरला. आबांनी हातात बशी धरली की चहा सांडतो, हे घरात सगळ्यांना माहीत. डब्यावरची पांढरी अक्षरं मोहरीएवढी होती आणि एका रेषेत उभी होती. कोपऱ्यात, जिथे डबा कुठे दुरुस्त झाला आणि कुठे परत जायचा ते लिहितात, तिथे आबांनी लिहिलं होतं: दुरुस्ती सिल्वासा, परत भुसावळ.

अमोलने डबा दिव्याच्या आणखी जवळ नेऊन ते पुन्हा वाचलं.

"आबा, सिल्वासाला रेल्वे नाही. वापीला जावं लागतं."

"तेच म्हनतो मी. इथं बसून नुसता गंजंल. फिट आहे का नाही, ते सांग."

अमोलने डबा परत कपाटावर ठेवला, पुसायची गरज नसताना बोटाने पुसला.

"फिट आहे," तो म्हणाला.

आबा ताटावरून उठले. उष्टा हात तसाच अंगापासून लांब धरला, दुसरा लेंग्याच्या शिवणीला लावला, आणि साहेबासमोर उभं राहावं तसे लेकासमोर उभे राहिले. आवाजातलं भुसावळ एकदम निघून गेलं.

"सदर डब्याची दुरुस्ती पूर्ण झाली असून तो चालण्यास योग्य आहे. तरी सिल्वासा यार्डातून भुसावळकडे सुटणाऱ्या पहिल्या गाडीस तो जोडण्यात यावा, व सोबत एका पेंटरास जाऊ द्यावे, ही विनंती."