अळणी संशोधन

धोंडाबाईंनी कैरीच्या लोणच्याची बरणी ओट्यावर बसलेल्या संजनाच्या मांडीवर ठेवली. तिच्या शेजारी पापडांची चळत रचली आणि वर कुरडयांची पिशवी टेकवली.

“अकोल्याला ने. आईला म्हणावं, नाशिकच्या मावशीनं दिलंय.”

संजनाला भरून आलं. मग शंका आली.

उन्हाळ्याची सुट्टी संशोधनात घालवायला ती अकोल्याहून इतक्या लांब आली होती. एमबीबीएसचं दुसरं वर्ष आटोपून ती नाशिकच्या इंदिरानगरात एका खोलीत दाटीवाटीनं राहिली, आणि रोज त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरच्या या फुलं पिकवणाऱ्या गावात येत राहिली. ज्यांचं ब्लडप्रेशर जास्त आहे आणि जे गोळी घेत नाहीत, अशांच्या ओट्यावर बसायचं, मीठ कमी करण्याबद्दल गोड बोलायचं आणि आठवड्याला प्रेशर मोजायचं, एवढंच तिचं काम. ही तिच्या मार्गदर्शक प्रतिभा मॅडमची पद्धत. औषधाविना, नुसत्या गोड बोलण्यानं लोकांचं मीठ सुटतं आणि प्रेशर उतरतं, हे मॅडमनी तरुणपणीच सिद्ध केलं होतं. तेव्हापासून त्या देशोदेशी जाऊन तेच सांगत होत्या.

संजनाचे आकडे पाहून मॅडमही थक्क झाल्या होत्या. अख्ख्या गावाचं प्रेशर उतरलं होतं. उद्या मॅडमच्या संस्थेत तिचं सादरीकरण होतं, आणि ते पसंत पडलं की दिल्लीच्या परिषदेला तिचं नाव जाणार होतं. अकोल्यात तिच्या वडिलांनी ते आधीच गेल्याचं सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

“मावशी, तुम्ही मीठ सोडलंय ना?”

“हां.”

“मग घरात हे लोणचं कोण खातं?”

धोंडाबाईंनी अंगणाकडे पाहिलं. तिथे प्रतिभा मॅडम खुर्चीत बसून निरोपाचा चहा घेत होत्या. माणसाशी नीट बोललं की माणूस आपोआप बदलतो, असं त्या धोंडाबाईंच्या मालकांना, सहादूबाबांना, समजावत होत्या. सहादूबाबा मान डोलावत होते. लग्नानंतर ते कशात बदलल्याचं धोंडाबाईंना आठवत नव्हतं.

“तुझं मोजणं झालं ना समदं?”

“झालं.”

“आता काय फरक नाय पडायचा?”

“नाही.”

“मंग सांगते. मीठ कोन सोडतंय, माय? अळणी भाजी घशाखाली उतरती का? म्हातारा ताट भिरकावतो.”

“पण प्रेशर तर उतरलं.”

“उतरंल नाय तर काय. गोळ्या खाल्ल्या ना.”

संजनाच्या मांडीवरची बरणी हलली. “कुठल्या गोळ्या?”

“सरकारी. आशाताई देऊन जाती त्या. देव्हाऱ्यामागं पडल्या व्हत्या ढीगभर. ती बिचारी घसा फोडून सांगायची, कोनी मनावर घेतलं नाय. पन तू पयल्यांदा यंत्र लावलंस अन् तुझं तोंड एवढंसं झालं. म्हनलीस, मावशी, हा आकडा खाली आला नाही तर माझं काही खरं नाही. लेकीची परीक्षा हाय म्हटल्यावर गाव गप बसंल व्हय? धाव्वीच्या पेपराला खिडकीला लोंबकळून चिठ्ठ्या पुरवनारी मानसं ही. मी घरोघर सांगून आले, पोरगी लांबून आलीय, नापास होऊन जायला नको.”

“सगळे घेत होते?”

“समदे. आधी फकस्त तू यायच्या दिशी घ्यायचो. मंग वाटलं, ही मधीच उगवली म्हंजी? म्हनून रोज. शेजारचा केरू एक दिवस इसरला, दुसऱ्या दिशी त्यानं दोन खाल्ल्या अन् झेंडूत चक्कर येऊन पडला. तुला नाय सांगितलं. उगा टेन्शन.”

सरकारला, आशाताईला, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना जे जमलं नव्हतं, ते संजनानं करून दाखवलं होतं. एक अख्खं गाव न चुकता रोज गोळी घेत होतं. अडचण एवढीच, की तिचं संशोधन गोळी न घेणाऱ्यांवर होतं.

तिनं बरणी खाली ठेवली. दिल्ली गेली. वडिलांना आता घरोघर जाऊन बातमी परत घ्यावी लागणार होती.

“मावशी, गोळ्या मात्र बंद करू नका.”

“आता कशाला? तू तर झालीस पास.”

“मी पास नाही झाले. हे सगळं खोटं आहे. मला मॅडमना सांगावं लागेल. आत्ताच.” ती उठली.

धोंडाबाईंनी तिचं मनगट धरून तिला परत खाली बसवलं. अंगणात मॅडम हसून सहादूबाबांना म्हणत होत्या, “बघा, नुसतं बोलून झालं की नाही?”

“सांग. मी कुठं नको म्हनते,” धोंडाबाई आवाज उतरवून म्हणाल्या. “पन जरा बेतानं सांग. तीबी तुझ्याएवढी व्हती तवा याच ओट्यावर बसून यंत्र लावायची. तिला अजून वाटतंय, ती आपल्या हुशारीनं पास झाली.”