खाली ठेवलेला प्याला

कॉफीचा पहिला प्याला मानाने परदेशी अभियंत्याला दिला गेला. त्याने तो ओठांना न लावताच समोरच्या चटईवर ठेवला. बोरूच्या काड्यांनी बांधलेल्या टोळीच्या त्या पाहुणघरात सगळ्यांच्या नजरा प्याल्यावर खिळल्या.

शेख मुतशर यांच्या कपाळावर आठी चढली. पाहुण्याने प्याला खाली ठेवला म्हणजे त्याचे काही मागणे आहे. यजमानाने ते मान्य केल्यावरच तो पिणार. नकार दिला तर टोळीची अब्रू जाते. बापजाद्यांपासूनचा हा रिवाज.

मागणे कोणते, हे सर्वांना ठाऊक होते. तेलवाहिनीसाठी नदीकाठचा पट्टा. शेखांची अट एकच होती: आधी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, मग जमीन. गावातली निम्मी मुले पोटाच्या दुखण्याने आडवी झाली होती, आणि अडवून धरण्यासारखे गावाकडे दुसरे काही उरले नव्हते.

"अबू गालिब, रिवाज मी तुम्हाला काय शिकवणार?" बगदादहून आलेले अधिकारी उस्ताज नौफल शेखांना त्यांच्या आदराच्या नावाने हाक मारत गालात हसले. "आणि त्या यंत्राचा हट्ट सोडा. पाणी तपासलंय, निर्मळ आहे. अहो, इथल्या तेलावर जगाची चाकं फिरतात. इथं एक झडप अडकली, तर तिकडं राजधान्यांची झोप उडते."

"आमची पोरांच्या रडण्यानं उडते, तेही कळवा त्यांना," कॉफी वाढणारा शनान फणकारला.

शेखांनी त्याला हातानेच गप्प केले. मग घट्ट मिटलेले ओठ त्यांनी कष्टाने उघडले.

"प्या, पाहुणे. मागितलंत ते दिलं."

नौफल यांनी घाईघाईने भाषांतर केले. अभियंता गोंधळला. त्याने नकारार्थी मान हलवली, नदीकडे बोट दाखवले आणि पिशवीतून पाण्याची सीलबंद बाटली काढली.

"काय म्हणतो?" शेखांनी विचारले.

नौफल यांचा चेहरा उतरला. "मागणं वगैरे काही नाही. कंपनीची ताकीद आहे... इथल्या पाण्याचं काही घ्यायचं नाही."

"उकळलेलंसुद्धा?" शनानने विचारले.



शेखांनी तो प्याला उचलला आणि नौफल यांच्यापुढे धरला. "दिलेला शब्द मी फिरवत नाही, उस्ताज. पण प्याला रिकामा झाल्याशिवाय दान पुरं होत नाही. पाणी निर्मळ आहे ना? मग त्याच्या वतीनं तुम्ही प्या."

नौफल यांचा हात गुडघ्यावरून हलला नाही.