पाळण्यातले दोडके

लेकीच्या लहानपणीचा लोखंडी पाळणा मी परसबागेत वाघाचा पिंजरा म्हणून खपवला होता. लग्नाला नऊ वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. माहेरी आली की रिकाम्या पाळण्याकडं बघत बसायची. म्हणून मी त्यात माती भरली, दोडक्याचा वेल चढवला आणि ठोकून दिलं, "माह्या आज्यानं मारेगावच्या रानात यातच वाघ धरलता, बाई." "एवढ्याशात?" "उपाशी होता बिचारा." ती हसली. दरवर्षी मी वाघ वीतभर वाढवत गेलो. काल ती आली, वेलाखाली हात घालून पाळण्याची कडी चाचपत म्हणाली, "बाबा, वाघाले दुसरं घर पाहा. पाळणा मले लागते." मी विळा उचलून वेलाकडं धावलोच. तिनं मनगट धरलं. "काहून घाई करता? पाळणा रिकामा ठेवू नये म्हणते आई. अजून पाच महिने आहेत, तवर दोडके राहू द्या."