बशीर सरांची नजर

चेंडू आडव्या दांड्यावर आदळून खाली पडला. देऊळघाटच्या गोलकीपर फहीमने झडप घालून तो धरला आणि पंच बशीर सरांनी दोन्ही हात हलवून सांगून टाकलं, गोल नाही.

मेहकरचा अख्खा संघ त्यांच्याभोवती गोळा झाला. अंतिम सामना, शेवटचं मिनिट, देऊळघाट एका गोलने पुढे, आणि पंचही देऊळघाटचाच. कर्णधार धम्मरत्नने रिप्ले मागितला.

रिप्ले यंदाच आला होता. गोलमागे उंच तिवईवर एक मोबाईल, मंडपात एक टीव्ही. तीस वर्षं शिट्टी वाजवलेल्या सरांना तो आपला अपमान वाटला होता. आठवडाभर कमिटीशी भांडून त्यांनी त्याला वेसण घातली. सामन्यात एकदाच पाहायचं, आणि चेंडू रेघेपलीकडे गेला की नाही तेवढंच पाहायचं. बाकी काही दिसलं तरी दिसलं नाही असं समजायचं.

टीव्हीवर चेंडू सावकाश खाली आला आणि नेमका रेघेवर टेकला. गोल नव्हताच. लोकांनी सरांच्या नावाने मैदान डोक्यावर घेतलं.

सर मात्र पडद्याच्या कोपऱ्यात पाहत होते. तिथे ते स्वतः उभे होते, नाकाला रुमाल, डोळे गच्च मिटलेले. ऐन वेळी शिंक आली होती. डोळे उघडले तेव्हा चेंडू फहीमच्या हातात होता, म्हणून त्यांनी अंदाजाने हात हलवले होते. कोपऱ्याकडे दुसऱ्या कोणाचंच लक्ष नव्हतं.

सामना संपल्यावर धम्मरत्नने हात जोडून माफी मागितली. कमिटीचे अध्यक्ष माणिकराव माईकवर म्हणाले की अशी नजर गावात असताना मोबाईल कशाला, पुढच्या वर्षीपासून रिप्ले बंद. सरांना हेच तर हवं होतं. त्यांनी गळ्यात हार घालून घेतला, दोन पावलं टाकली आणि परत फिरून माईक हातात घेतला.

"म्या काई पाह्यलं नाई. मले शिंक आली, डोये मिटले होते. रिप्ले राहू द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढा मोठा पंच आणि किती साधा, असं लोक एकमेकांना सांगू लागले. सर कासावीस झाले. व्हिडिओ परत लावा, चेंडू सोडा, कोपऱ्यात माझ्याकडे पाहा, असं त्यांनी तीनदा विनवलं.

माणिकरावांनी खिशातून नियमांचा कागद काढला आणि चष्मा लावला.

"एकदाच पाहाचं, सर, अन् फक्त चेंडू पाहाचा. खाली सही तुमचीच हाये."