दोडक्याचा वेल

चंद्रभान आणि कुसुमबाई नागपूरहून दीक्षा घेऊन पुलगावला परतली, तेव्हा कुठे घरमालकिणीला त्यांची जात कळली. अन्नपूर्णाबाई दारातूनच कडाडल्या, "सांज व्हायच्या आत खोली खाली करा! आन् तुमचा हात लागलेली एक काडी बी अथी राह्यली नाई पायजे!"

कुसुमबाईच्या अंगाची लाही लाही झाली. काडी नाही तर काडी नाही! तिने भांडी ट्रंकेत आदळली, गोधड्यांचं गाठोडं करकचून आवळलं, वाळवणाची दोरी सोडली, भिंतीतले खिळेसुद्धा उपटले. स्वतःच्या हातांनी घातलेली चूल फोडून तिची माती टोपल्यात भरली.

"माती काऊन नेऊन राह्यली व?" चंद्रभानने विचारलं.

"माहा हात लागला हाये तिले!" ती फणकारली.

सामान लादलेली बैलबंडी निघाली आणि तिला आठवलं, वरवंटा मागेच राहिला. ती तरातरा परत आली. खोलीच्या चारही भिंतींवर गोमूत्राचे शिंतोडे अजून ओले होते. आणि मागे परसात अन्नपूर्णाबाई दोडक्याच्या वेलापाशी वाकल्या होत्या. कुसुमबाईनेच लावलेला, रोज घागरीने पाणी घालून वाढवलेला तो वेल. त्याचे कोवळे दोडके तोडून त्या पदरात भरत होत्या.

कुसुमबाईने एका हिसक्यात वेल बुडासकट उपटला, खांद्यावर टाकला आणि त्यांच्यापुढे आपला पदर पसरला.



"ते पदरातले बी टाका इकडं, बाई. माह्याच हातचे हायेत!"