हात पुढे

"तुमच्या तासाला शाळा सुटली की काय असं वाटतं हो!" मुख्याध्यापिका प्रयोगशाळेच्या दारातून म्हणाल्या आणि कौतुकानं हसून पुढे गेल्या. विज्ञानाच्या सरांची छाती जरा फुगली. खरंच, टाचणी पडली तरी ऐकू आली असती. वर्गात जिला सगळे 'रेडिओ' म्हणत, ती मुलगीसुद्धा इथे आल्यावर बंद व्हायची.

आज मुलं स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी तापवून वाकवत होती. चाळीस माना खाली, चाळीस तोंडं मिटलेली.

मग वास आला. केस जळल्यासारखा. कुणाचं तरी बूच पेटलं असणार, असं म्हणत सर एकेक टेबल बघत गेले. बुचं जागच्या जागी होती.

शेवटच्या टेबलापाशी रेडिओ ताठ उभी होती. ओठ दातांखाली दाबलेला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि उजव्या मुठीत नळी. तापलेली काच नि गार काच दिसायला अगदी सारखीच. तिनं नको ते टोक धरलं होतं.

"सोड ती!"

तिनं नळी टाकली नाही. आवाज होऊ न देता, हळूच जाळीवर ठेवली.

"अगं, टाकून का नाही दिलीस?"

"फुटली असती, सर."

काच फुटली की दोन पट्ट्या, हा नियम सरांचाच होता. किती भाजलंय ते बघायला ते घाईघाईनं म्हणाले, "हात पुढे कर."

तिनं डोळे घट्ट मिटले आणि हात पुढे केला. डावा. तळवा वर, बोटं जुळवलेली.

"हा नाही गं, दुसरा."

"याच्यावरच मारा ना, सर. तो भाजलाय."

आसपासच्या एकाही मुलानं मान वर केली नाही.

सरांनी तिला जवळजवळ ओढतच बेसिनपाशी नेलं, तोटी सोडली आणि तिचा उजवा हात धारेखाली धरला. तळव्यावर आडवी पांढरी रेघ उमटली होती. सरांची बाही कोपरापर्यंत भिजली.

"फार दुखतंय का गं?"

तिनं डोळे उघडले. आधी त्यांचा चेहरा निरखून पाहिला.

"काय सांगू, सर? हो, की नाही?"